पाय धुऊन आत ये

गेल्या मे महिन्यात, रात्री पावणेदोनच्या सुमारास, मी बार्शीच्या रस्त्यावर जमेल तेवढ्या वेगानं गाडी हाणत होतो. मागच्या सीटवर माझी ताई चार वर्षांच्या चिकूला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. गावात संध्याकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे सोबत आणलेला नेब्युलायझर नुसता पिशवीत पडून होता. ताई एक शब्द बोलत नव्हती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चिकूला दिवसभर गोठ्यात आणि कडब्याच्या गंजीवर खेळायला मीच सोडलं होतं. तेही ताई आत झोपलेली असताना. आणि हे काही मामाचे लाड नव्हते. माझ्याकडे थिअरी होती.

चिकू पुण्यात, चौदाव्या मजल्यावर वाढतोय. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत एक्झिमा, हिवाळा आला की दमा, घरात एअर प्युरिफायर, बॅगेत कायम सॅनिटायझर. आणि मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. एखाद्या विषयावरचे चार पेपर वाचले की अख्खी सिस्टिम कळली असं वाटायला लागतं. मी मातीतल्या जीवाणूंवर चार नाही, चांगले पंधरा-वीस पेपर वाचले होते.

दुपारी चिकूनं अंगणातला मातीचा खडा तोंडात घातला, तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. आजी ओसरीवरून उठली, त्याच्या तोंडात बोट घालून खडा काढला आणि चूळ भरायला लावली. मी म्हणालो, "आजी, खाऊ दे गं थोडी. मातीतले जंतू पोटात गेले की ताकद येते. सायन्स आहे ते."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. तिचं आयुष्य काळ्या रानात गेलंय. हाताच्या रेषांमधली माती आता धुतली तरी जात नाही. ती एवढंच म्हणाली, "खेळू दे की मातीत, कोण नको म्हणतंय. पण तोंडात न्हाई घालायची. आन् घरात येताना पाय धुऊन आत यायचं."

मला तेव्हा वाटलं, आजीला सायन्स माहीत नाही.

*

आधी माझी बाजू मांडतो, कारण ती पूर्ण चुकीची नव्हती.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या साथरोगतज्ज्ञानं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटासा लेख लिहिला. मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची तेविसाव्या वर्षापर्यंतची माहिती त्याच्यासमोर होती. त्यात एक विचित्र गोष्ट दिसत होती. ज्याला मोठी भावंडं जास्त, त्याला परागकणांची अ‍ॅलर्जी कमी. स्ट्रॅचननं अंदाज बांधला की मोठी भावंडं घरात जे संसर्ग घेऊन येतात, तेच धाकट्याला वाचवत असावेत. ही कल्पना पुढे 'हायजीन हायपोथेसिस' या नावानं गाजली.

२००३ मध्ये लंडनच्या ग्रॅहॅम रूक यांनी ही कल्पना दुरुस्त केली. गोवरासारखे गर्दीचे आजार माणसाच्या इतिहासात अगदी अलीकडचे. त्यांनी आपल्याला काही शिकवलं असण्याची शक्यता कमी. ज्यांच्यासोबत आपण लाखो वर्षं काढली ते सूक्ष्मजीव वेगळे आहेत: मातीतले, पाण्यातले, जनावरांच्या अंगावरचे. रूक यांनी त्यांना 'ओल्ड फ्रेंड्स' म्हटलं, म्हणजे जुने सोबती. आपल्या शरीरानं त्यांची सोबत इतकी गृहीत धरली आहे, की ती अचानक काढून घेतली तर शरीराचा हिशेब चुकतो.

कसा चुकतो, ते माझ्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही बँकेसाठी फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम लिहिलात. त्याला शिकवायला भरपूर खरे व्यवहार लागतात, आणि त्यातले बहुतेक साधेच असावे लागतात: भाजीचे, रिक्षाचे, लाइटबिलाचे. साधे व्यवहार त्यानं पाहिलेच नाहीत, तर तो वीस रुपयांच्या कोथिंबिरीलाही चोरी समजून खातं गोठवेल. अ‍ॅलर्जी म्हणजे जवळपास हेच. परागकण, शेंगदाणा, धूळ यांनी काही बिघडत नाही, पण शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. ऑटोइम्यून आजारात तर ते स्वतःवरच तुटून पडतं.

मराठीत आपण या यंत्रणेला 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो. प्रतिकार आणि शक्ती या दोन्ही शब्दांमुळे डोळ्यांसमोर किल्ला आणि पहारेकरी येतात, आणि मग जितके पहारेकरी जास्त तितकं बरं असं वाटतं. काढ्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकलं जातं ते यामुळेच. पण चिकूची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती चुकीच्या ठिकाणी जास्त आहे. त्याच्या यंत्रणेला ताकद पुरेशी आहे, तिला थांबायला शिकवायचं आहे.

थांबवणाऱ्या पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. बाकीच्या पेशींना त्या आवरतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुची, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना या कामासाठीच मिळालं. जुन्या सोबत्यांची कल्पना सांगते की या आवरणाऱ्या पेशी तयार होण्यात आणि त्यांना दिशा मिळण्यात लहानपणी भेटलेल्या निरुपद्रवी जीवाणूंचा मोठा हात असतो.

*

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझाही होता. मातीतले जीवाणू आपल्या शरीरात 'राहतात' असं सरसकट म्हणता येत नाही. सत्तर किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. म्हणजे मोजदादीत 'मी' माझ्याच शरीरात अल्पमतात आहे. पण या जीवाणूंपैकी बहुतेक आतड्यातले पक्के रहिवासी आहेत, ऑक्सिजनशिवाय जगणारे. मातीतल्या बहुतेकांना आपलं आतडं मानवत नाही. ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात. काही जण बीजाणूंच्या रूपात, म्हणजे स्वतःभोवती टणक कवच करून, पोटातल्या आम्लातूनही जिवंत पुढे सरकतात. जाताना आतड्याच्या भिंतीपाशी, जिथं आपल्या रोगप्रतिकार पेशींचा सर्वांत मोठा जमाव असतो, तिथं ते दिसून जातात. एवढं दिसणंही पुरतं. मेलेल्या जीवाणूचे तुकडे धुळीतून नाकात गेले तरी पेशींना खबर लागते.

गंमत म्हणजे, त्या रात्री ताईच्या पिशवीत असा एक मातीतला जीवाणू होताच. जुलाब झाले की डॉक्टर मुलांना प्लॅस्टिकच्या बारक्या कुपीतलं पाण्यासारखं औषध देतात ना, त्यातला बॅसिलस क्लॉसाय हा मातीत सापडणाऱ्या कुळातला बीजाणू करणारा जीवाणू. पाच मिलिलिटरच्या एका कुपीत त्याचे २०० कोटी बीजाणू असतात. अंगणातला खडा तोंडात घातला की आपण ओरडतो, आणि कुपीतले दोनशे कोटी स्वतःच्या हातानं पाजतो. दुपारी मी हा मुद्दा ताईला मोठ्या विजयानं ऐकवला होता.

माती शरीराला किती खोलवर शिकवते याचं आपल्या देशातलं एक जुनं उदाहरण आहे. १९६८ मध्ये तामिळनाडूच्या चिंगलपेट भागात बीसीजी लशीची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांच्या वर माणसं तिच्यात होती. ब्रिटनमध्ये उत्तम चाललेली ही लस तिथं मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून काहीच संरक्षण देईना. पुढे जी स्पष्टीकरणं दिली गेली त्यातलं एक महत्त्वाचं असं: तिथल्या माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी चुलतभाऊ भरपूर आहेत. लोकांच्या शरीराची त्यांच्याशी आधीच ओळख झालेली असते, म्हणून लशीला नव्यानं शिकवायला फारसं उरत नाही. म्हणजे आपण कोणत्या मातीवर चालतो, त्यावर कोणती लस आपल्यावर काय करेल हेही काही अंशी ठरतं.

आणि मग अमिश आणि हटराइट. अमेरिकेतले हे दोन समाज मूळचे मध्य युरोपातले. दोघांचं रक्त जवळचं, कुटुंबं मोठी, राहणी साधी. फरक शेतीत. इंडियानातले अमिश घोड्यांनी शेती करतात, गोठा घराला लागून, पोरं त्यातच वावरतात. साउथ डकोटातल्या हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची आणि घरापासून लांब. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या दोन समाजांच्या मुलांची तुलना आली. अमिश शाळकरी मुलांमध्ये दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरातली धूळ आणून उंदरांच्या नाकात घातली. अमिश धुळीनं उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं. हटराइट धुळीनं नाही.

हे वाचल्यावर गोठ्याच्या धुळीकडे मी औषध म्हणूनच पाहायला लागलो. फिनलंडमध्ये तर पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून टाकलं. २०२० चा अभ्यास. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं, दहा पाळणाघरं. अठ्ठावीस दिवसांत त्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवर जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात 'आवरणाऱ्या' बाजूची चिन्हं वाढली. मी मनात म्हटलं, अठ्ठावीस दिवस काय, आपल्याकडे आख्खी सुट्टी आहे.

*

दवाखान्यात नेब्युलायझर लागला. तासाभरात चिकूच्या छातीतली शिट्टी कमी झाली आणि तो ताईच्या खांद्यावर झोपला. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्याच वयाचे होते. दिवसभर काय काय झालं ते विचारलं. गंजीचं सांगितल्यावर मान हलवून म्हणाले, "कडब्याची धूळ, त्यातली बुरशी. आधीच दमा असलेल्या मुलाला कशाला तिथं सोडलं?"

चूक कुठं झाली, ते तिथल्या बाकड्यावर बसून मला कळलं. अमिश मुलं जन्मल्यापासून, खरं तर आईच्या पोटात असल्यापासून, गोठ्याच्या हवेत असतात. शिकवणीची वेळ तेव्हाची. चिकूची यंत्रणा चौदाव्या मजल्यावर आधीच काही गोष्टी शिकून बसली आहे. निरोगी मुलाला दम्यापासून वाचवू शकणारी धूळ, दमा झालेल्या मुलाला त्याच रात्री दवाखान्यात पोचवू शकते. प्रतिबंध आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पेपरांतही तसंच होतं. फिनलंडच्या अभ्यासातही रक्तातली चिन्हं मोजली होती, कोणाचा दमा बरा झाल्याचं त्यात म्हटलेलं नव्हतं. मी फक्त मला हवं ते वाचलं होतं.

पहाटे परत निघताना ताई पहिल्यांदा बोलली. "तुझ्या त्या आकड्यांत माझं पोरगं कुठंय रे?"

आमच्या कामात नवीन कोड आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतात. बिघडलं तरी तिथं कोणाचं नुकसान होत नाही. मी तो थेट प्रॉडक्शनवर टाकला होता, आणि प्रॉडक्शन म्हणजे दुसऱ्याचं मूल होतं. समूहाबद्दलचं सत्य कितीही पक्कं असलं तरी ते एका जिवावर, त्याच्या आईला न विचारता, वापरायचा अधिकार मला कुणी दिला? चुकीचा खर्च मला येणार नव्हता. श्वास चिकूचा अडकणार होता आणि रात्र ताईची जागून जाणार होती. माझं काय, फार तर एक थिअरी पडली असती.

*

सकाळी आजी चुलीपुढं बसली होती. रात्रीचं सगळं तिला कळलं होतं. मी शेजारी जाऊन बसलो. तिनं चहा ओतला आणि मला आजवर माहीत नसलेली गोष्ट सांगितली.

माझ्या वडलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाळंतपण घरीच. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली आणि बेंबीला राख आणि शेण लावलं. तशीच रीत होती. पाच दिवस बाळ छान पीत होतं. सहाव्या दिवशी त्याला तोंड उघडता येईना. मग अंग ताठ व्हायला लागलं. नुसतं कुणी बोललं तरी, दार वाजलं तरी, पाठ धनुष्यासारखी वाकायची. आठव्या दिवशी गेलं. बायका म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी लागलं. पुढच्या खेपेला ती हट्टानं तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. तिथं नर्सबाईंनी तिला सांगितलं की ते बाहेरचं नव्हतं. मातीत आणि शेणात एक जंतू असतो, त्यानं होतं. धनुर्वात.

"तवापासनं मी पोरांचं पाय धुती," आजी म्हणाली.

मी एवढे पेपर वाचले, पण धनुर्वाताचा जंतू हाही मातीतलाच जीवाणू आहे, हे मला कधी आठवलं नाही. क्लॉस्ट्रिडियम टेटनी. तोही बीजाणू करतो, तोही वर्षानुवर्षं मातीत टिकून राहतो. त्या कुपीतल्या जीवाणूचा जो गुण मी कौतुकानं सांगत होतो, तोच याचा. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ जंतू संपला असा नाही. दर जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो, असा आहे. देवीचा रोग जगातून गेला तसा धनुर्वात जाणार नाही, कारण त्याचं घर माती आहे. लस, स्वच्छ ब्लेड आणि बेंबीला काहीही न लावणं, एवढ्यावर पुढची बाळं वाचली. माती आजही तीच आहे.

म्हणजे आजीला सायन्स माहीत होतं. माझ्याकडे होतं त्यापेक्षा पूर्ण, आणि त्याची किंमत तिनं चुकवली होती.

*

पुण्याला परतल्यावर माझ्या बाल्कनीतून रोज दिसणारं दृश्य मला नीट दिसायला लागलं. समोर एक टॉवर उठतोय. त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरची कुटुंबं राहतात. त्यांची मुलं दिवसभर अनवाणी मातीत असतात. माझ्या थिअरीप्रमाणे या मुलांची प्रतिकारयंत्रणा जगात सर्वांत सुशिक्षित असायला हवी. आणि त्यांना दमा-अ‍ॅलर्जी कदाचित कमी असेलही. पण ज्या मातीत ती खेळतात तिथंच शौचालयाचं पाणी येतं. अशाच मातीतून हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि मूल पांढरं पडतं. शाळा-अंगणवाड्यांतून फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी वाटतात, ती यासाठीच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, "दादा, आमच्या नळाला एक तास पाणी. पोरांचे हात धुवायचे की स्वयंपाक करायचा?"

त्यांच्यासमोर मी मातीचे गुण गाऊ शकलो असतो का? मला खरा टोचणारा प्रश्न हाच आहे. मातीचं कौतुक करायला मला परवडतं, कारण माझ्या घरी चोवीस तास पाणी आहे, मुलांचे डोस पूर्ण आहेत, दमा वाढला तर गाडी आहे आणि दवाखान्याचं बिल भरता येतं. माझ्यासाठी माती म्हणजे हवं तेव्हा घेतलेला आणि नको तेव्हा धुतलेला अनुभव. ज्याला धुता येत नाही, त्याच्यासाठी तीच माती म्हणजे नशीब. 'थोडी घाण चांगली असते' हे वाक्य कोण कुठल्या मजल्यावरून म्हणतंय, त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

फिनलंड आणि रशियाच्या सीमेवरच्या करेलियाबद्दल मी हेच अर्धवट वाचलं होतं. रक्तानं जवळचे लोक, दोन देशांत विभागलेले. फिनलंडच्या बाजूला मुलांमधला टाइप वन डायबेटिस रशियन बाजूच्या सुमारे सहापट, अ‍ॅलर्जीही कितीतरी जास्त. मातीप्रेमी हा आकडा आवडीनं सांगतात. मीही सांगायचो. पण त्याच संशोधनात दुसरी ओळ आहे: रशियन बाजूच्या मुलांना कावीळ ए आणि पोटाच्या हेलिकोबॅक्टरचा संसर्ग झाल्याच्या खुणा जास्त. गरिबीसोबत जुने सोबतीही येतात आणि जुने वैरीही. दोन्ही एकाच दारानं.

मग काय, एकाची निवड करायची? मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा मांडतो. रूक आणि त्यांच्यासारखे संशोधक आता 'हायजीन हायपोथेसिस' हे नावच नको म्हणतात, ते यासाठीच. हात धुतल्यामुळे जुने सोबती तुटलेले नाहीत. ते तुटले बंद खोल्यांमुळे, उठसूट घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे, सिझेरियन वाढल्यामुळे, तंतू नसलेल्या खाण्यामुळे आणि अंगणं गेल्यामुळे. उलट, शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात धुतल्यानं जे अडतं, ते बहुतांशी माणसाच्या विष्ठेतून माणसाकडे येणारे आजार. माती आणि मैला या दोन गोष्टी आपण 'घाण' या एकाच शब्दात कोंबल्या, आणि मग एकानं सगळंच पुसून काढलं, दुसऱ्यानं सगळंच तोंडात घालायला सांगितलं.

*

या सगळ्यावर लिहिताना एक मोह मला सतत होत होता. जीवाणूंवरून थेट समाजावर उडी मारायचा. शुद्धतेच्या वेडानं शरीर आजारी पडतं, तसा सोवळं-ओवळं पाळणारा समाजही आजारी पडतो, म्हणून मिसळा. वाक्य छान आहे. मी ते स्टेटसला ठेवलंसुद्धा होतं, आणि दोन तासांनी काढलं. कारण त्याचा अर्थ असा होतो की दुसऱ्या माणसाला आपण जवळ करायचं, ते आपल्याला फायद्याचं म्हणून. उद्या कुणी फायदा नसल्याचं सिद्ध केलं तर काय, पुन्हा वेशीबाहेर ठेवायचं? माणसाला माणूस म्हणून वागवायला जीवशास्त्राची परवानगी लागत नाही. निसर्गात काय असतं यावरून काय असावं हे ठरत नाही. धनुर्वातही निसर्गातच असतो.

तरीही शरीरानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी ठेवून घेतोय. ज्याला मी 'मी' म्हणतो तो बंद दाराचा फ्लॅट नाही. त्याच्यातून सतत कुणीतरी जातंय-येतंय, आणि त्यातल्या बहुतेकांनी माझं काही वाईट केलेलं नाही. निरोगी असणं म्हणजे कुणालाच आत न घेणं नव्हे, आणि येईल त्याला घेणंही नव्हे. कुणाला थांबवायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं, हे ओळखता येणं. ही ओळख प्रत्येक शरीराला आपापली मिळवावी लागते, आणि ती सुरक्षितपणे मिळेल अशी सोय करणं हे मोठ्यांचं काम आहे. अंगण हवं आणि नळही हवा. समोरच्या टॉवरखालच्या मुलांना नळ मिळालेला नाही. चिकूला अंगण मिळालेलं नाही. यातली पहिली वंचना दुसरीपेक्षा फार मोठी आहे, आणि मी इतके महिने फक्त दुसरीचा अभ्यास करत होतो.

ताईनं मला माफ केलं असावं. तिनं स्वतःच डॉक्टरांना विचारून ठरवलं: गोठा आणि गंजी नाही, इनहेलर वेळेवर, आणि सोसायटीमागच्या टेकडीवर आठवड्यातून चार संध्याकाळी माती. चिकूच्या दम्याला यानं काही फरक पडेल का, याबद्दल मी घरात काहीही बोलत नाही. तो खुश असतो, तेवढं दिसतं.

गावाहून निघायच्या आदल्या संध्याकाळी वळीव आला होता. पहिल्या थेंबांसोबत तो वास उठला. तोही मातीतल्या जीवाणूंचाच, जिओस्मिन नावाच्या रेणूचा. चिकू पायरीवर माझ्याशेजारी बसून नाक फुगवून हुंगत होता. पाऊस थांबल्यावर तो अंगणात उतरला, आणि या वेळी मी ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं चिखलात मनसोक्त पाय आपटले. मग आजीनं दगडावर तांब्या ठेवला आणि उंबऱ्यातून हाक मारली, "बास आता. पाय धुऊन आत ये."